काळ्या तांब्याची चोरी

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही आठवून हसू फुटतं ते चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या एका तांब्याच्या चोरीचं.

फिर्यादी शहराजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्यासारखेच तंजावरी मराठी. ठाण्यात आले ते धापा टाकतच. "अय्यो साहेब, देवघरातला पणजोबांचा तांब्या नेला कुणी! जागी नवा ठेवला. आमचा काळाशार, हा लालबुंद!" संशय कामवालीवर, आणि तसं शेजारीपाजारी सांगूनही झालं होतं. बाई त्याच इमारतीत चार घरची कामं करायची. चोर ठरली असती तर चारही दारं बंद झाली असती.

घरी जाऊन पंचनामा केला. कामवाली उंबऱ्याशी रडत होती. साताऱ्याहून आलेली नवी सून मात्र अवाक्षर न काढता पदराने घाम पुसत होती. चोरीच्या घरात जो गप्प असतो, त्याच्याकडे मी आधी बघतो.

तांब्या उलटा केला. गळ्याच्या आत, जिथे बोट पोचत नाही तिथे, काळी रेघ शिल्लक होती.

"हा तुम्ही कधी घासता का?"

"घासायचा? पिढ्यानपिढ्या नुसता पाण्यानं विसळतो. घासला तर पुण्य जातं!"

मी चिंच मागितली. म्हातारबुवांना वाटलं, साहेबांना रसम हवंय. देवघरातली तशीच काळी पळी घेऊन चोळली, तशी ती अर्धी लख्ख झाली.

"अय्यो, पळीपण बदलली?"

"माझ्या हातात असताना?"

इतक्यात सुनेला रडू कोसळलं. "मामंजी, तांब्या मीच घासला. आमच्याकडे सणाला घासतात. तुम्ही खूश व्हाल वाटलं. तुम्ही आल्या आल्या चोर चोर ओरडलात, मग धीरच झाला नाही."

तांबं हवेत राहिलं की प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर ऑक्साइडचा काळा थर बसतो. चिंचेच्या आंबटाने तो निघतो. मी म्हटलं, "जन्मभर कारखान्यात गंज काढून घेतलात, घरचा ओळखला नाहीत?"

"गंज लाल असतो हो!" ते कळवळून म्हणाले.

फिर्याद मागे घेतो म्हणाले. कामवाली डोळे पुसत तमिळमध्ये बोलली, "तांब्याचं झालं. माझं नाव कशानं घासणार?"

निर्दोष माणसाला नुसतं सोडून भागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. बुवांना म्हटलं, जिथे जिथे हिला चोर म्हणालात, तिथे जाऊन सांगा. निघाले बिचारे, हातात तो लख्ख तांब्या, मागे ती. पहिल्या दाराशी ते पुटपुटले.

"अजून मोठ्यानं," ती म्हणाली.