चाव्यांची पेटी उघडली नाही

आमच्या तालुक्याच्या कापूस खरेदी केंद्रावर मी चपराशी होतो. शिक्षण चौथीपर्यंत. पण फाटक, काट्याची खोली, कपाटं, सगळ्यांच्या किल्ल्या माझ्या करदोट्याला असत, आणि साहेब लोकसुद्धा मला विचारून आत जात. हे मी गर्वानं सांगतो. गर्व होताच.

बोंडअळीच्या त्या वर्षी आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर गेला. चाळिशीचा माणूस. दसऱ्याच्या आधी स्वतःच्या वावरात फवारणी करून आला, डोळे लालभडक, आणि तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात संपला. मी त्याला खांदा दिला. त्याच्या खुर्चीवरचा पंचा मात्र मी काढला नाही. कोणाला काढूही दिला नाही.

दिवाळीनंतर केंद्र सुरू व्हायचं, म्हणून यवतमाळहून एक इंजिनिअर आला. ऑपरेटरचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा. सकाळी तो बसला की आधी एक शब्द टाकायचा, मग सगळं उघडायचं. इंजिनिअरनं काय केलं, तो शब्द विचारणंच बंद करून टाकलं. बटन दाबा की सरळ आत. "झालं काम," म्हणाला, चहा पिऊन गेला.

पहिल्या दिवशी फाटकाबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. नवीन ऑपरेटर मॅडम बसल्या. मुख्य कार्यालयापर्यंत कॉम्प्युटरमधून जाणारा, बाहेरच्यांना बंद असा रस्ता असतो, त्याला व्हीपीएन म्हणतात. तो जुळल्याशिवाय काट्याची एकही पावती निघत नाही. मॅडमनी तो जोडायला घेतला आणि पडद्यावर एक चौकोन आला. पासवर्ड मागत होता. त्यांनी रद्द केला. परत आला. परत रद्द. परत आला. नंतर तर कोणी हात लावला नसताना आला.

"काय म्हणते ते?" मी विचारलं.

मॅडमनी मराठी करून सांगितलं, "तुम्ही आत आलात, पण चाव्यांची पेटी उघडली नाही."

माझा हात करदोट्यावर गेला. त्या खोलीत किल्ल्या ठेवणारा मी एकटाच होतो.

मॅडम शहाण्या होत्या, त्यांनी समजावलं. व्हीपीएनचा पासवर्ड ऑपरेटरनं कॉम्प्युटरच्या आतल्या या पेटीत ठेवला होता. पूर्वी तो सकाळी शब्द टाकायचा, त्याच शब्दानं दार आणि पेटी दोन्ही उघडायची. इंजिनिअरनं दार सताड उघडं केलं, पेटी राहिली जुन्याच शब्दावर.

"मग फोडा पेटी," काट्यावरचा हमाल म्हणाला.

"फोडली तर आतला पासवर्डही जाईल. नवीन मागायला पंधरा दिवस. आणि वरून फोन आहे, चारपर्यंत जोडणी दिसली नाही तर यंदा हे केंद्र रद्द, खरेदी कळंबला." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "काका, त्यांनी कुठं लिहून ठेवला असेल का?"

मी नाही म्हटलं. खरं होतं, पण अर्धंच.

मागच्या हंगामात एकदा ऑपरेटर मला म्हणाला होता, "काकाजी, हा शब्द लिहून घ्या. मी नसलो त कामी येईन."

मी म्हटलं, "मी किल्ल्या ठेवतो बा, शब्द नाही ठेवत."

खरं कारण वेगळं होतं. मला इंग्रजी अक्षर येत नव्हतं आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. तो हसला. "सोपा हाय हो. लग्नाच्या ताटात पुसला गेलेला शब्द."

तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आता तो चौकोन पुन्हापुन्हा येऊ लागला तसं वाटायला लागलं की खुर्चीवरच्या पंच्यातूनच कोणीतरी विचारतंय, काकाजी, घेतला का लिहून?

मॅडमनी त्याच्या मुलांची नावं टाकली, गावाचं टाकलं, बायकोचं टाकलं. पेटी हलली नाही. अडीच वाजले. बायकोचं नाव फसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो. तिथून पुढं गाव तिला त्याच नावानं ओळखतं. मग पुसलं काय जातं? तिचं माहेरचं नाव.

आणि ती बाहेरच होती. रांगेत सातवी की आठवी गाडी तिची, त्याच वावरातला कापसाचा पहिला वेचा घेऊन आली होती. निंबाखाली गाडीच्या जुवाला टेकून बसली होती. फाटकापासून तिथवर शंभर पावलं असतील. तेवढं अंतर मी आयुष्यात कधी इतक्या हळू चाललो नाही.

"बाई, तुझं माहेरचं नाव पाहिजे," मी म्हटलं.

तिनं पदर सावरला. "कायले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यानं लिहून घ्या म्हटलं होतं, मी घेतलं नाही, कारण मले ते अक्षर येत नाही. बोलताना शेजारचे गाडीवाले ऐकत होते. ऐकू दिलं.

तिनं बैलापुढचा कडबा सारखा केला. मग म्हणाली, "मले ठाऊक हाय. त्या दिवशी घरी येऊन सांगतलं होतं त्यायनं. म्हणे, काकाजीले येत नाही, पण मी काही बोललो नाही, त्यायले वाईट वाटन."

त्याला ठाऊक होतं. हंगामभर मी त्याच्यासमोर इंग्रजी कागद हातात धरून वाचल्यासारखा उभा राहायचो, आणि त्याला ठाऊक होतं.

ती आत आली. खिडकीवर माणसं होती म्हणून नाव तोंडानं सांगायला तयार नव्हती. मॅडम उठल्या. ती खुर्चीच्या काठावर बसली, पाठ पंच्याला लागू न देता, आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत दाबू लागली.

"येते तुम्हाला?" मॅडम चकित झाल्या.

"एवढंच येते. त्यायनं शिकवलं होतं."

पेटी उघडली. व्हीपीएन जुळलं. चाराला दहा मिनिटं कमी होती. काटा संध्याकाळपर्यंत चालला, तिचाही कापूस मोजला गेला. जाताना ती मला म्हणाली, "आता तुम्ही शिका काकाजी. मी काय रोज येऊन राह्यली?"

मॅडम म्हणाल्या, पेटीचा पासवर्ड रिकामा ठेवू, मग विचारणारच नाही. मी अडून बसलो. विचारू द्या म्हटलं. दोन दिवसांत ती अक्षरं घोटून शिकलो, जुन्या कागदांच्या पाठीवर, हमाल हसले तरी. मग निवृत्त होईपर्यंत सकाळी तो शब्द मीच टाकायचो. आधी कॉम्प्युटर लावायचा, मग चौकोन यायचा, तुम्ही आत आलात पण पेटी उघडली नाही. मी एकेक अक्षर दाबायचो. पडद्यावर अक्षर दिसत नाही, नुसते काळे ठिपके उमटतात, सरकीसारखे. शेवटचा ठिपका पडला की मी जरा थांबायचो.

घेतला लिहून, असं मनात म्हणायचो. मगच बटन दाबायचो.