एका गोगलगायीतल्या दोन जाती

महिपती कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात शिपाई होता. अठ्ठावीस वर्षं तो धायरीच्या तळ्यातून गोगलगायी आणायचा आणि एकेकीला वेगळ्या काचनळीत सोडायचा. नळी थोडा वेळ उन्हात धरली की गोगलगायीच्या पोटातल्या जंतांची पिल्लं पाण्यात उतरत. काहींची शेपटी साधी, काहींची दुभंगलेली; या जंतांच्या दोन जाती. श्यामला मॅडम त्यावरच संशोधन करत. साध्या शेपटीची जात दुसरीला त्याच गोगलगायीत जगू देत नाही, खाऊन टाकते, असं त्यांचं म्हणणं होतं.

कॉलेजात कॉम्प्युटर यायचे होते त्या वर्षी महिपतीला एका नळीत दोन्ही जातींची पिल्लं दिसली. चार दिवस दिसत राहिली.

"महिपतराव, नळ्या मिसळल्या असतील," मॅडम म्हणाल्या.

"मिसळायला मी काय भेळ करतोय, मॅडम?"

मॅडम हसल्या. "बरं. गुरुवारी अकराला दाखवा. खरं निघालं तर लेखात तुमचं नाव घालते."

"किड्यांच्या शेजारी नाव छापणार तुमचं?" त्याची बायको शालन म्हणाली, पण गुरुवारी तिनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

साडेनऊला त्यानं नळी खिडकीत ठेवली. तेवढ्यात हेडक्लार्कची हाक आली. "अहो, टेंपो आलाय. कॉम्प्युटर वर चढवायचेत."

"दहा मिनिटं, साहेब."

"तुमच्या गोगलगायी कुठं पळून चालल्यात?"

खोकी चाळीस आणि जिने तीन. तो परतला तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. मार्चच्या उन्हात नळीचा हाताला चटका बसला. गोगलगाय शंखातून अर्धी लोंबत होती.

मॅडमनी ती फोडून पाहिली. सगळा लगदा झाला होता.

"होती, मॅडम. दोन्ही होती."

"असतील हो. पण न बघता मी कसं लिहू?"

रविवारी तो धायरीला गेला. तळ्यात मुरूम पडत होता, काठावर फ्लॅट-बुकिंगची पाटी लागली होती. उरल्या पाण्यात हात घालून त्यानं बावीस गोगलगायी काढल्या. महिनाभर रोज पाहिल्या. कुणात एकच जात निघाली, कुणात काहीच नाही.

तो निवृत्त झाल्यावर मॅडमनी छापील लेख घरी पाठवला. इंग्रजी होता, म्हणून मुलीनं, पूर्वानं, मराठी करून सांगितलं. "या दोन जाती एकाच गोगलगायीत कधीही आढळल्या नाहीत." तिनं वर पाहिलं. "बरोबर आहे ना, बाबा?"

"हो," महिपती म्हणाला. "पुढं वाच."