पोलादपूर स्टँड, १०:५२

या सदरातले न उलगडणारे अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते आणि हसते, हे आधीच सांगून टाकते. एकवीस वर्षं महाडमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करतेय. "आपोआप बंद पडला" म्हणून आलेल्या प्रत्येक मशीनमध्ये मला कारण सापडलंय... सैल वायर, पाल, एकदा तर खंडेनवमीच्या अक्षता पंख्यात अडकलेल्या. माझ्या जॉबकार्डवर 'कारण' असा रकाना आहे. तो मी रिकामा सोडत नाही.

गणपती नुकतेच झाले होते. दुपारी बाराच्या सुमारास कापडे गावची सुगंधा आणि तिची मुलगी प्रणाली जिना चढून आल्या (पुरानंतर मी दुकान वरच्या मजल्यावर नेलंय). सुगंधाच्या हातात गोधडीत गुंडाळलेला सीपीयू. गोधडी सोडली तशी मी मशीन ओळखलं. मीच जोडून दिलेलं. तिचा नवरा दिनकर एमआयडीसीत ऑपरेटर होता. शिफ्ट सुटली की युनिफॉर्ममध्येच दुकानात यायचा, शंका वहीत लिहून आणायचा. गेल्या साली छातीत कळ येऊन गेला.

"चालू होत नाय ताई," सुगंधा म्हणाली. "निळा होतो नि परत बंद."

"काय केलंत?"

प्रणाली पुटपुटली, "अँटीव्हायरस फिरवला."

त्यांच्या घरी असं ठरलेलं, की वर्षश्राद्ध होईस्तोवर दिनकरच्या वस्तूंना हात लावायचा नाही. कॉम्प्युटर वर्षभर हार घालून बंद. वर्षश्राद्ध झालं आणि माझ्याकडे येण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रणालीने तो लावला. बंद खोली उघडली की आपण आधी केर काढतो, तसा तिने आधी फुल स्कॅन केला. लाल यादी आली. पोरीने सगळ्यावर डिलीट दाबलं. त्यात विंडोजची एक फाइल उडाली, म्हणून मशीन उठेना. आणि त्यातच उडाली 'पणजोबा' नावाची झिप फाइल.

खरा घोर त्या फाइलचा होता. प्रणालीला नर्सिंगला सीट लागली होती. जातपडताळणीत त्रुटी निघाली – पणजोबांचा शाळेचा दाखला हवा. मूळ दाखला पुरात गेला, शाळेचं रजिस्टरही भिजलं. दिनकरने पुराआधी स्कॅन करून ठेवलेली ती एकच प्रत. अपलोडची मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाच. नाहीतर सीट दुसऱ्याला.

"बापाचं सगळं एका दमात झाडून टाकलंन," सुगंधा म्हणाली. "एरवी केरसुणी धर म्हटलं तर हिचे हात दुखतात."

प्रणाली नखं खात बसली.

"वाटंत मांडीवर घरघरत व्हता गो," सुगंधा मला सांगायला लागली. "गरमबी झालेला."

"आये, बसचा इंजिन तो!"

"आणि गोधडीत गुंडाळलात तर दगडही गरम होईल," मी म्हटलं आणि स्क्रू काढायला घेतले.

डिलीट झालेली फाइल परत हवी असेल तर त्या डिस्कवरून मशीन चालू करायचं नसतं. नवं काही लिहिलं गेलं की जुनं पुसतं. म्हणून डिस्क काढून माझ्या मशीनला लावली आणि रिकव्हरी सुरू केली. दिनकरचा फोल्डर उघडून पाहिला नाही. प्रणालीच्या मोबाईलमध्ये त्या लाल यादीचा फोटो होता – पणजोबा, डिलीटेड, रात्री ७:५८. उडालेली वस्तू जागेवर आहे का, हे कोण बघतं?

एक वाजला. दोन. सुगंधा रिकामी गोधडी घडी करायची, उलगडायची, परत घडी करायची. चार वाजून पाच मिनिटांनी रिकव्हरी संपली... हाती काही नाही.

"मग आता?" प्रणालीचा आवाज फाटला.

एकच गोष्ट उरली होती. डिस्क परत त्यांच्या मशीनमध्ये बसवली, पेनड्राइव्हवरून विंडोजची ती फाइल टाकली. उठलं तर अँटीव्हायरसच्या आत एखादी प्रत शिल्लक आहे का बघायचं. आशा नव्हतीच. ४:१८ ला मशीन उठलं. दिनकरच्या फोल्डरमध्ये गेले.

पणजोबा जागेवर होते.

झिप उघडली, दाखला स्वच्छ. विचार करायला वेळ नव्हता. साइट दोनदा अडकली, ओटीपी यायला सहा मिनिटं लागली. ४:४९ ला पावती आली. सुगंधा स्टुलावर बसली.

मग मी जॉबकार्ड ओढलं आणि कारण भरायला अँटीव्हायरसची नोंद उघडली. काल ७:५८, डिलीट – अठरा फाइली. त्याखाली एकच ओळ. आज सकाळी १०:५२, रिस्टोअर – एक फाइल. पणजोबा.

घड्याळ चुकलं असेल म्हणून तपासलं. माझ्या मोबाईलशी मिनिटाला मिनिट जुळत होतं, आणि कालची नोंद फोटोशी. विंडोजची स्वतःची नोंद पाहिली – काल रात्री आठनंतर मशीन थेट आज ४:१८ लाच चालू झालेलं. मधे काहीच नाही. शिवाय डिलीट केलेलं परत आणायची सोय त्या अँटीव्हायरसमध्ये नाहीच. मी त्या कंपनीच्या ऑफिसला फोन करून विचारलं.

"तुम्ही निघालात कधी?"

प्रणालीने पर्समधून एसटीचं तिकीट काढलं. कापडे ते महाड. वेळ १०:२४.

म्हणजे १०:५२ ला गाडी वाटेतल्या पोलादपूरला. बाईच्या मांडीवर, गोधडीत, ना वायर ना वीज.

मी तिकीट टेबलावर ठेवलं. "सुगंधा, घरघर कुठे ऐकलीस तू?"

"पोलादपूर स्टँडला."

"मग प्रणाली म्हणते तसं... इंजिनच असेल."

"इंजिन कुठला ताई?" ती गोधडीची शेवटची घडी करत म्हणाली. "गाडी बंद व्हती. ड्रायव्हर-कंडक्टर दोघंबी च्या प्यायला उतरले व्हते. म्हणून तर ऐकू आला."

प्रणालीचं कॉलेज आता सुरू झालंय. तो सीपीयू मी पुन्हा दोनदा मागवून उघडून पाहिला. वायर घट्ट, घड्याळाचा सेल ठीक, पाल नाही.

जॉबकार्ड फाइलला लावलंय. कारणाच्या रकान्यात मी आधी 'व्हायरस' लिहिलं होतं, मग खोडलं. अजून तसंच आहे.