दिवाणावरून पडली असं आम्ही सांगितलं

"लहान आतड्याला भोक पडलंय," सर्जन म्हणाले. "याला परफोरेशन म्हणतात. आतली घाण पोटात पसरलीय, लगेच ऑपरेशन करावं लागेल. पण आधी मला खरं सांगा. ही मुलगी दिवाणावरून पडलेली नाही."

अकोल्यातलं एक खासगी हॉस्पिटल, सकाळचे अकरा. माझी ईशू, वय साडेतीन, पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. डॉक्टरांनी तिचा फ्रॉक वर करून आम्हाला दाखवलं. बेंबीच्या खाली, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, एक जांभळा पट्टा उठला होता.

"हा सीट बेल्ट साइन. म्हणजे गाडीच्या पट्ट्याचा वळ. दिवाणाला पट्टा नसतो."

माझा नवरा प्रवीण खाली बघत होता. आबा, म्हणजे माझे सासरे, खिडकीबाहेर. मग मी सांगितलं. मला शूर वगैरे समजू नका. आदल्या दिवशी खोटं सांगताना मान मीसुद्धा हलवली होती.

आम्ही अमरावतीचे. प्रवीण बडनेऱ्याला रेल्वेत आहे, आबांची चांदूर बाजारला भाजीपाल्याची शेती. आदल्या दिवशी प्रवीणच्या चुलतभावाचा अकोल्यात साखरपुडा होता. गाडीत मोठी माणसं पाच: प्रवीण, आबा, सासूबाई, आत्याबाई आणि मी. ईशूची सीट, म्हणजे लहान मुलांची पट्ट्यांची कार सीट, मागे लावली की शेजारी दोघंच मावतात. म्हणून निघताना सीट काढली आणि व्हरांड्यात ठेवली.

ती सीट मी वर्षभर भांडून घेतली होती. आबांना ती कधीच पटली नाही. "लेकराले असं बांधून काहून ठेवता? चोर हाय का थे?" हे त्यांचं नेहमीचं. त्या दिवशी म्हणाले, "माया मांडीवर बसते न. माया मांडीवरून कुठी जाते थे?" आत्याबाईंसमोर वाद नको म्हणून मी गप्प बसले. एवढंच कारण. लिहितानाही लाज वाटते.

हायवेला लागल्यावर प्रवीण म्हणाला, "आबा, बेल्ट लावा, कॅमेरे हायेत. चलान येते." पुढे शेजारी बसलेल्या आबांनी बेल्ट लावला. स्वतःभोवती आणि मांडीवरच्या ईशूभोवती, एकच बेल्ट. मी मागून पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, दोघंही बांधले गेले. शिकलेली बाई मी, मला तेवढंच कळलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. प्रवीणने करकचून ब्रेक मारला. गाडी कशालाही धडकली नाही, साधा ओरखडा नाही. रोही शेतात निघून गेला आणि आम्ही "वाचलो बाप्पा" म्हणत हसलोसुद्धा. ईशू मात्र कळवळून रडली. कपाळाला टेंगूळ आलं होतं. पाणी पाजलं, बिस्कीट दिलं आणि साखरपुड्याला पोचलो. तिथे ती जेवली नाही. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच आबांनी बजावलं, "गाडीचं नाव काढू नका. पोलीस केस होते. साखरपुड्याच्या घरी पोलीस आनता का?" एमएलसीची भीती. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. गाडीत लागलं असेल तर हॉस्पिटल पोलिसांना कळवतं आणि पोलीस येऊन जबाब लिहून घेतात. प्रवीणला जणू बेड्याच पडणार होत्या! डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? प्रवीण म्हणाला, "दिवाणावरून पडली." मी मान हलवली.

पडली, टेंगूळ आलं, उलट्या होतात, म्हणजे डोकं पाहायला हवं. डॉक्टर आमच्या सांगण्यावर चालले. डोक्याचा सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. आम्हाला केवढा आनंद! ईशू "पोट, पोट" म्हणत होती. उलट्यांमुळे दुखत असेल असं सगळ्यांना वाटलं. वळ तेव्हा उठलेला नव्हता. सकाळी ताप चढला, पोट फुगून टणक झालं आणि मग सर्जनना बोलावलं.

खरं ऐकून घेतल्यावर ते प्रवीणला म्हणाले, "मागून तुमच्या वडिलांचं अख्खं वजन, पुढून पट्टा आणि मधे ही. अपघाताचं काल सांगितलं असतं तर आम्ही पोट कालच पाहिलं असतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशन तीन तास चाललं. फाटलेला तुकडा काढून आतडं जोडलं. याला रिसेक्शन म्हणतात. बाहेरच्या बाकावर नातेवाईक जमले. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे त्या रोह्यानं घात केला. आत्याबाई तिसऱ्यांदा रोह्याला शिव्या घालायला लागल्या तेव्हा माझा ताबा सुटला.

"रोही गेला त्याच्या वाटेनं! सीट कोनं काढली? आपन काढली! पट्टा कोनं लावला?"

सगळा पॅसेज वळून बघायला लागला. बघू दे म्हटलं.

दुपारी पोलीस आले. एकच हवालदार. दहा मिनिटं लिहिलं, प्रवीणची सही घेतली, "पोरगी बरी होईन, ताई" म्हणाले आणि गेले. या दहा मिनिटांच्या भीतीने आम्ही तिच्या उपचाराची अख्खी रात्र घालवली होती.

पुढचे पाच दिवस एनबीएम. म्हणजे तोंडातून काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. नाकातून पोटात नळी, तिला राइल्स ट्यूब म्हणतात. साडेतीन वर्षांचं लेकरू "मम्मी, एक घोट" म्हणतं आणि आपण ओला कापूस ओठांवर फिरवायचा. तुमच्या लेकराला सीटवर रडताना बघवत नाही ना? मग हे बघवेल का, विचार करून ठेवा. सहाव्या दिवशी तिने चमचाभर पाणी पचवलं. अकराव्या दिवशी घरी सोडलं.

प्रवीणने अमरावतीहून सीट आणून गाडीत लावली होती. ईशूने तिचे पट्टे पाहिले आणि किंचाळली, "पट्टा नको!" बरोबरच होतं तिचं. तिला पट्ट्यानेच फाडलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "आता तरी नका बांधू वं तिले." माझेही हात थांबले, खोटं कशाला सांगू? प्रवीण सर्जनना विचारायला वर गेला, तर ते स्वतः पार्किंगमध्ये आले. म्हणाले, "मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या मऊ पोटावर येतो. या सीटचे पट्टे खांद्याच्या आणि कंबरेच्या हाडांना धरतात. पोटाला आणि टाक्यांना लागत नाहीत, हे बघा." त्यांनीच ते बसवून दाखवले. ईशू बडनेऱ्यापर्यंत रडली. मीही रडले, पण पट्टा सोडला नाही.

घरी सीट हॉलमध्ये ठेवली. आधी नुसतं बसायचं. मग पट्टा तिनेच लावायचा, सुटत नसेल तर मी लगेच सोडायचा. आठवड्याने ती स्वतःहून बसायला लागली. गाडीतला नियम एकच: पट्टा लागल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. मोबाइलचं आमिष नाही, चॉकलेट नाही. एकदा चांदूर बाजारच्या रस्त्यावर तिने पट्टा काढला, तर भर उन्हात चाळीस मिनिटं गाडी बाजूला लावून बसलो. जाणारे-येणारे विचारत होते, पंक्चर झाली का?

शाळेच्या ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. एका वडिलांनी विचारलं, याचा कायदा आहे का? आहे. लहान मुलांना पट्टा किंवा त्यांची वेगळी सीट हवी, असं कायदा सांगतो. लगेच दुसरा प्रश्न: पण चलान येतं का? अहो, आम्हीही चलानच वाचवलं होतं! संताप येतो. ज्यांनी हे विचारलं, तेच सकाळी पोराला मांडीवर घेऊन, स्टिअरिंगला हात लावू देत शाळेत सोडतात.

या सगळ्यात आबांशी मी बोलत नव्हते. ताट वाढायचे, गोळ्या पुढे ठेवायचे, शब्द नाही. तीन महिने झाले. तेही काही म्हणत नव्हते. गावात मात्र रोह्याचीच गोष्ट चालू होती.

मग त्याच चुलतभावाचं लग्न झालं. मांडवाबाहेर त्याच्या साडूची गाडी निघाली होती. पुढच्या सीटवर बायको, मांडीवर दीड वर्षाचं पोर. आबा काठी टेकत गेले आणि बोनेटसमोर उभे राहिले.

"काका, दोन किलोमीटर त जाचं हाय," साडू हसत म्हणाला.

"लेकरू उतरव," आबा म्हणाले. "ईशू माया मांडीवर होती. पट्टा मीच लावला. डाक्टरले खोटंबी मीच बोलाले लावलं."

अख्खी वऱ्हाडी मंडळी ऐकत होती. आबा बोनेटसमोरून हलले नाहीत. शेवटी साडूने इंजिन बंद केलं. बायको उतरली आणि पोराला घेऊन मागे बसायला लागली. नुसतं मागे बसल्याने लेकरू सुरक्षित होत नाही, हे मी तिथेच सुनावलं. तिला राग आला असेल तर येऊ दे. ती पोराला कडेवर घेऊन पायी निघाली.

आबा तसेच रस्त्यात उभे होते. माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण मी जवळ गेले आणि त्यांचा हात धरला.

"चला आबा," मी म्हटलं. "आपल्याले घरी जाचं हाय."