आंबील भिंतीला चिकटत नाही

मोबाइलवर 'किसन' हे नाव दिसलं आणि सवयीप्रमाणे मी फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पलीकडे वहिनी होत्या. "हे गेले, भाऊजी..." एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना झाला.

विद्यापीठात आम्ही एकाच मार्गदर्शकांकडे पीएच.डी. करत होतो. घट्ट, पिठाळ द्रव तापत्या नळीतून कसे वाहतात, उष्णता कशी घेतात, याचं गणित मांडायचं होतं. ढवळलं की पातळ, थांबलं की घट्ट. पाण्याचे नियम हे द्रव पाळत नाहीत. माझं गणित आणि प्रयोग काही केल्या जुळेनात. किसन करमाडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. खोलीवर रोज ज्वारीची आंबील शिजवायचा. एका सकाळी घासायला काढलेलं गार आंबिलीचं पातेलं तिरपं करून म्हणाला, "पंडित, हे बघ. अख्खा गोळा घसरतो. कडेला चिकटतच नाय. आन तू गणितात नळीच्या भिंतीपाशी द्रवाचा वेग शून्य धरतोस!"

मी न बघताच हसलो. "किसन, गणित भांडी घासून होत नसतं."

"नसू दे. माझं पुढचं प्रकरण ह्याच्यावरच लिहिणार मी."

आठवड्याभरात ती घसरण मी गुपचूप माझ्या समीकरणात घातली. आकडे जुळले. शोधनिबंध माझ्या नावावर छापून आला. शेवटी आभाराची एक ओळ टाकली, 'प्रयोगशाळेतील किरकोळ मदतीबद्दल' किसनचे आभार. त्यानं ती वाचली. "बरं केलंस, भांडी घासल्याचं लिहिलंस," एवढंच बोलला. त्याच्या प्रकरणात आता नवं काही उरलं नव्हतं. मार्गदर्शकांनी दुसरा विषय शोधायला सांगितलं. त्यानं संशोधनच सोडलं, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागला. मी प्राध्यापक झालो. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा... मी क्वचितच उचलायचो.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी वाटीत आंबील दिली. ती हातात धरूनच म्हणालो, "ते काम किसनचं होतं, वहिनी. मी माझं म्हणून छापलं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, पंडित एक दिवस येईल, सोताच सांगल. तवर मी आपला फोन करत राहतो, त्याला यायला अवघड नको."

आंबील गार झाली. मला ती संपवता आली नाही. मोरीपाशी जाऊन वाटी तिरपी केली, तर अख्खा गोळा कडेवरून अलगद निसटला. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"राहू द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

वाटी मीच घासली.