साडूंचं स्लो मोशन

कुठलीही गोष्ट आधी हलवून बघावी, मग तिच्याभोवती फिरून बघावी आणि शेवटी सावकाश बघावी, त्याशिवाय ती कळत नाही, असं मानणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मिळून एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. हलवण्याचा तर त्यांना पगार मिळतो. रांजणगावच्या एका कंपनीत गाड्यांचे दिवे टेबलाला घट्ट आवळायचे, ते टेबल मशीनवर तासन्‌तास गदागदा हलवायचं आणि कुठला दिवा आधी खिळखिळा होतो ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. शिफ्ट सुटली तरी ही सवय सुटत नाही. आमच्याकडे दौंडला आले की चपला काढायच्या आधी दाराची कडी हलवतात. आमचं नवं कपाट त्यांनी दोन्ही हातांनी धरून असं काही हलवलं, की आतल्या कपबश्या बोलू लागल्या. म्हणाले, "पाव्हणं, ह्येची वरची बिजागरी वरीसभरात सुटंल." बिजागरी तिथल्या तिथेच सुटली. "बगा! म्हणलं न्हवतं?" असं म्हणून ते समाधानानं चहाला बसले.

रविवारी ते लग्नांचं शूटिंग करतात. तिथे फिरणं आलं. नवरा-नवरी जागेवर उभी आणि हे कॅमेरा घेऊन, गुडघ्यात वाकून, त्यांच्याभोवती गोल गोल. मांडवगण फराट्याच्या एका लग्नात त्यांच्या मागे लाइटची वायरही फिरत राहिली आणि नवऱ्या मुलाचे मामा तिच्यात पोटरीपर्यंत गुंडाळले गेले. हार घालायच्या वेळी मामांना पाऊल उचलेना. ते कासावीस होऊन हाका मारताहेत आणि आमचे साडू ओरडताहेत, "मामा, हलू नगा, लई भारी येतंय!" घरी येऊन एडिटिंगला बसले की मग सगळंच स्लो मोशन. नवरी हळू, वऱ्हाड हळू, पंगतीतला जिलेबीचा घाससुद्धा हळू. आमच्या सासूबाई एका लग्नात नुसता पदर सावरतात, तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो. त्यांचा तो कॅमेरा स्लो मोशन घेताना आवाज घेतच नाही. त्या जागी साडू एखादं गाणं टाकून मोकळे होतात.

गेल्या वर्षी त्यांच्याच मुलीचं लग्न शिरूरला झालं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली आणि आशीर्वाद द्यायला साडूंचे थोरले भाऊ, आबा, उभे राहिले. आबा दौंडला रेल्वेत होते आणि निवृत्तीनंतरही कायम ड्यूटीवर निघाल्यासारखे घाईत असत. बोलले तर दोन शब्द, तेही चालता चालता. त्या दिवशी मात्र पुतणीसाठी मन लावून बोलले. शूटिंग एकट्या साडूंनीच केलं, कारण मोबाइल वर केले की फ्रेममध्ये येतात, तेव्हा कुणी वर करायचे नाहीत, अशी ताकीद त्यांनी सकाळीच मांडवभर फिरून दिली होती. आबांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, तेव्हा पलीकडे जेवणावळीचं बघत होत्या. त्यांच्या कानावर त्यातला शब्दही पडला नाही.

थंडीत आबा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ते भाषण सगळ्यांना दाखवायचं ठरलं, आणि वहिनींनी तर साडूंना दोनदा बजावून सांगितलं. आदल्या दिवशी साडू माझ्याकडे आले ते कडीला हातही न लावता.

"पाव्हणं, आवाजच न्हाई. समदं स्लोमधी घेतलंय."

"पण का?"

"माईक धरल्याला हात थरथरत व्हता आबांचा. स्लोमधी थरथर कमी दिसती. म्हणलं, पोरीच्या सासरच्यांना दिसाया नगं." मग म्हणाले, "आता वैनीला काय सांगू?"

मला फार वाईट वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं आणि तसंच पडद्यावर लावलं. आबा सावकाश उभे राहिले, हात सावकाश वर गेला, ओठ हलू लागले. साडू खाली मान घालून उभे होते. तेवढ्यात आबांचे रेल्वेतले एक जोडीदार मागून म्हणाले, "हितं म्हणले, पोरीला नोकरी सोडाया लावू नगा."

"त्याच्या आदी जावयाला म्हणले, सैपाक शिकून घे," दुसरीकडून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मग ज्याला जे आठवेल ते तो सांगू लागला. चित्र इतकं हळू चाललं होतं, की आठवायला, वाद घालायला आणि एकमत व्हायलाही वेळ मिळत होता.

"आन् शेवटाला," ते जोडीदार म्हणाले, "म्हणले, आमची मंडळी सकाळधरनं लोकांस्नी वाढतीया, तिला अजून कुणी जेव म्हणलं न्हाई. आदी तिला वाढा."

वहिनी पडद्याकडेच बघत होत्या. आबांचा हात सावकाश खाली आला आणि चित्र थांबलं.

"परत लावा, भावजी," त्या म्हणाल्या. "इतका येळ ते माज्यासमोर कवा थांबलंच न्हाईत."

साडूंनी परत लावलं. त्यांच्या स्लो मोशनचा मला एरवी वैताग येतो. त्या दुपारी मात्र ते आणखी थोडं हळू चालायला हवं होतं, असं फार वाटलं.