आधी व्याह्यांना टोचा

दुसऱ्याला होणारा कुठलाही त्रास आधी स्वतः चाखून बघितल्याशिवाय आमच्या व्याह्यांना चैन पडत नाही. मंद्रूपला त्यांचं धान्याचं दुकान आहे. तिथं ज्वारीचे दाणे तोंडात टाकून बघायची सवय, तीच त्यांनी सगळ्या संसाराला लावली. माझी लेक त्यांच्या घरी सून म्हणून जायची होती तेव्हा नवा पलंग आला. पोरीला रुतायला नको म्हणून आधी हे त्यावर झोपले. माणूस वजनदार, पलंग मोडला. "बरं झालं की, माझ्याखाली मोडला," म्हणाले. नातवाला खोकल्याचं औषध आणलं तर पहिला चमचा ह्यांचा, गोड लागलं म्हणून दुसराही ह्यांचाच. नातू खोकत राहिला आणि आजोबा दुकानात पोत्यावर घोरत पडले.

दुखणं ते मुंग्यांनी मोजतात. काळी मुंगी, लाल मुंगी, मुंगळा. माझी बायको शेवटी दवाखान्यात होती. सुईला लई भ्यायची. तर हे गृहस्थ काही झालेलं नसताना खाली लॅबमध्ये जाऊन स्वतःचं रक्त काढून आले आणि दंडावरचा कापूस दाबत तिला म्हणाले, "विहीणबाई, काळी मुंगी हाय. लाल न्हाई." ती हसली. त्यानंतर फारशी हसली नाही.

माझा जन्म चादरीच्या मागावर गेला. उजवा खांदा आधीपासूनच धरायचा, सदऱ्याची बाही बायकोच धरून द्यायची. ती गेली आणि खांदा पुरता आखडला. एकदा चहाचं पातेलं हातातून सुटलं, पाय भाजला. लेकीनं बघितलं आणि सरळ सांगितलं, "आप्पा, हात चालला तर हितं राहा. न्हाईतर दिवाळीच्या आत घराला कुलूप, आन तुमी मंद्रूपला." जिथं बायकोच्या बांगड्या अजून खुंटीला आहेत त्या घराला कुलूप लावून लेकीच्या सासरी जाऊन पडायचं, हे मला जमणार नव्हतं. म्हणून ॲक्युपंक्चरला कबूल झालो.

व्याही सकाळच्या एसटीनं हजर. डॉक्टरीणबाईंनी उपाशी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी मला अर्धी भाकरी खायला लावली, स्वतः दोन खाल्ल्या. दवाखान्यात बाईंनी आधी नुसतं विचारलं. झोप लागते का, भूक लागते का. मी म्हटलं, दोन्ही न्हाई. मग दोन्ही मनगटांची नाडी बघितली, जीभ दाखवा म्हणाल्या. मी दाखवली, व्याह्यांनीही दाखवली.

मग बाईंनी बंद पाकीट फोडलं. सुई केसाएवढी बारीक. पण मला दिसले ते बायकोचे हात, कोपरापासून मनगटापर्यंत निळे. शेवटी तिची शीरच सापडत नव्हती. मी उठून चपला शोधायला लागलो.

"कुटं?" व्याह्यांनी विचारलं.

"घरी. मला न्हाई टोचून घ्यायचं."

"मग जाताना कुलूप घिऊनच जाऊ की."

मी दारातच थांबलो. बाहेर कुलूप, आत सुई. बाई म्हणाल्या, "नको असेल तर नको आजोबा, जबरदस्ती नाही." तोवर व्याही शेजारच्या पलंगावर आडवे झाले होते. "बाई, आधी मला टोचा."

"तुम्हाला काय होतंय?"

"मला काय हुतंय? ह्यांच्या आधी बघतो."

"काही होत नसताना मी टोचत नाही."

व्याही हळूच म्हणाले, "गुडगा दुकतो. लई वर्षं." ते खरं होतं. नवीन होतं ते एवढंच, की त्यांनी कुणाला तरी सांगितलं.

बाईंनी त्यांचीही नाडी बघितली, सगळं विचारलं आणि सुई लावली. मी व्याह्यांच्या तोंडाकडं बघत होतो. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, हाताची मूठ पांढरी. हा माणूस सुईला माझ्या बायकोपेक्षा जास्त भितो, हे मला तेव्हा कळलं. "मुंगी न्हाई पाव्हणं," ते म्हणाले, "मुंगी नुसती चालून गेली."

मी सदरा काढून आडवा झालो. खांदा दुखतोय आणि बाईंनी पहिली सुई पायात लावली. "बाई, खांदा वर हाय." "माहीत आहे आजोबा." टोचलेलं कळलंच नाही. मग आतून जड जड वाटलं, झिणझिण्या आल्या. हातांच्या दोन्ही पंजांतही सुया लावल्या आणि हलायचं नाही म्हणून सांगून बाई पडद्याआड गेल्या.

दोघं म्हातारे उताणे, पंख्याकडं बघत पडलेलो.

"पाव्हणं."

"हं."

"सगळीकडं मी आदी बघून यायचो. ह्या एकाच ठिकाणी विहीणबाई मला न इचारता गेल्या. कसं असतंय ते सांगता आलं न्हाई."

माझ्या हातात सुया, डोळे पुसता येईनात. पाणी कानात उतरलं. शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. बाई डोकावल्या, "दुखतंय का?"

"मला न्हाई," व्याही म्हणाले, "पाव्हण्यांना इचारा."

सुया काढल्यावर बाईंनी हात वर करायला सांगितला. आधीपेक्षा बोटभर वर गेला. एकदम होत नाही, येत राहा म्हणाल्या. व्याह्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला आणि वीतभर सांगितलं. "कुलपाचं ऱ्हाऊ दे सध्या," असंही सांगितलं.

मग त्यांनी माझा सदरा उचलला. कुठं अडकतंय का बघायला आधी स्वतःचा दंड बाहीत घातला. काखेतली शिवण उसवली. मग बाही माझ्यापुढं धरली. बायको जरा खाली धरायची. मी तसं सांगितलं नाही, हात घातला.